वाट चुकलेला सुळा

वरच्या जबड्यातला सुळा तयार होतो तो नाकपुडीच्या शेजारी, पार वर. तिथून खाली उतरायला तो बाकीच्या पुढच्या दातांपेक्षा जास्त वेळ घेतो. येतो साधारण अकराव्या-बाराव्या वर्षी. शंभरातल्या एक-दोघांचा सुळा मात्र वाट चुकतो आणि बहुतेक वेळा टाळूच्या बाजूला हाडातच अडकून बसतो. दुखत नाही, खुपत नाही. चौदाव्या वर्षीही दुधाचा सुळा घट्ट आहे म्हणून घरचे उलट खूश!

शोधायला खरं तर एक बोट पुरतं. नवव्या-दहाव्या वर्षी लहान मुलांचे दंतवैद्य ओठाआडच्या हिरडीवर सुळ्याचा उंचवटा चाचपतात. पुढे तो एकाच बाजूला लागला, तर एक्स-रे. अशा वेळी दुधाचा सुळा काढला, की आतला पुष्कळदा आपणहून वळतो. स्वीडनमध्ये एरिक्सन आणि कुरोल यांनी १९८८ मध्ये असे ४६ सुळे तपासले. ३६ मार्गाला लागले. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हे खरं. तरीही सगळ्यात स्वस्त उपचार हाच.

ती वेळ टळली, की एकट्या तारा लावणाऱ्याचं काम राहत नाही. ऑर्थोडॉन्टिस्ट आधी जागा करतो. मग ओरल सर्जन हिरडी उघडतो, वरचं हाड काढतो आणि सुळ्यावर धातूचं इवलंसं बटण चिकटवून त्याला बारीक साखळी अडकवतो. दात कोरडा ठेवणं ही इथली खरी कसोटी. रक्त लागलं तर बटण सुटतं आणि पुन्हा शस्त्रक्रिया. सुळा ओठाच्या बाजूला असेल तर हिरडी नुसती कापून चालत नाही. दाताभोवती घट्ट हिरडी उरली नाही, तर पुढे मूळ उघडं पडतं. म्हणून हिरड्यांच्या डॉक्टरांना सुरी लागण्याआधी विचारायचं, नंतर नव्हे.

साखळीची ओढ हलकी, वेग महिन्याला जेमतेम एक मिलिमीटर. दिशा मात्र आधी ठरलेली हवी: सुळा शेजारच्या दाताच्या मुळाला टेकला असेल, तर त्याला आधी मुळापासून दूर, टाळूकडे न्यायचं आणि मगच रांगेत. सरळ ओढला तर शेजारचं मूळ झिजतं. जबड्याचा त्रिमितीय सीबीसीटी स्कॅन काढतात तो मुख्यतः यासाठी.

कधी सुळा हाडाला जखडलेला निघतो. मग तो हलत नाही, उलट आधाराचे दातच त्याच्याकडे खेचले जातात. तो काढून इम्प्लांट बसवायचं, तर जबड्याची वाढ थांबेपर्यंत थांबावं लागतं. वाढत्या जबड्यात इम्प्लांट जागचं हलत नाही आणि शेजारचे दात खाली उतरत राहतात. तोवर दात जागेवर धरून ठेवणाऱ्या रिटेनरवरच्या खोट्या दातावर भागवायचं.