सिलिकोन बहुवारिकांचे पक्वीकरण : प्रारंभकाची निवड आणि जालबंधन

प्रस्तावना

मध्य रेल्वेच्या संपूर्ण विद्युतीकरणातील औसा रोड ते लातूर रोड हा अखेरचा टप्पा 23 फेब्रुवारी 2023 रोजी पूर्ण झाला. धाराशिव स्थानक याच कुर्डुवाडी–लातूर मार्गावर आहे. 25 किलोव्होल्ट दाबाची तार खांबापासून विलग ठेवण्यासाठी भारतीय रेल्वेत चिनीमातीच्या इन्सुलेटरांबरोबरच काचतंतूच्या गाभ्यावर सिलिकोन रबराचे आवरण असलेले इन्सुलेटरही वापरले जातात. या आवरणावर पाणी पसरत नाही, थेंब सुटे राहतात. त्यामुळे धूळ व दव असतानाही गळतीचा प्रवाह कमी राहतो. मात्र हे आवरण किती वर्षे टिकेल, हे बऱ्याच अंशी कारखान्यातील पक्वीकरणाच्या वेळीच ठरते. या प्रक्रियेत प्रारंभकाची भूमिका केवळ अभिक्रिया सुरू करण्यापुरती नसते, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट केले आहे. (मराठीत मूलद्रव्य व बहुवारिक या दोहोंना ‘सिलिकॉन’ म्हणण्याची प्रथा घोटाळा निर्माण करते, येथे मूलद्रव्यास सिलिकॉन व बहुवारिकास सिलिकोन म्हटले आहे.)

पेरॉक्साइड प्रारंभक

नैसर्गिक रबरातील दुहेरी बंधांमुळे त्याचे गंधकाने व्हल्कनीकरण होते. सिलिकोनची साखळी सिलिकॉन व ऑक्सिजन यांच्या एकाआड एक अणूंची असून तिला मिथिल गट जोडलेले असतात. तेथे गंधकाचा उपयोग होत नाही. म्हणून सेंद्रिय पेरॉक्साइडे वापरली जातात. उष्णतेने त्यांतील ऑक्सिजन–ऑक्सिजन हा दुबळा बंध तुटून मुक्त मूलके तयार होतात. ती मिथिल गटातील हायड्रोजन काढून घेतात आणि शेजारच्या साखळ्यांवरील अशी दोन स्थाने परस्परांशी जोडली जातात.

पेरॉक्साइडांचा स्वभाव मात्र सारखा नाही. बेंझॉइल पेरॉक्साइडसारखी असिल पेरॉक्साइडे साध्या मिथिल गटांवरही काम करतात. डायक्युमिल पेरॉक्साइड साखळीत व्हिनिल गट असल्यासच परिणामकारक ठरते. शेकडो सिलिकॉन अणूंमागे एखादा व्हिनिल गटही पुरतो, आणि बंध कोठे पडावेत हे त्यामुळे बरेचसे रसायनज्ञाच्या हाती येते. तापमानेही भिन्न आहेत : डायक्लोरोबेंझॉइल पेरॉक्साइड सुमारे 105 ते 130 अंश सेल्सिअसला, तर डायक्युमिल सुमारे 150 ते 175 अंशांना वापरतात. पहिले उघड्या गरम हवेत चालते, म्हणून नळ्या व तारांची आवरणे त्याने करता येतात. दुसरे हवेतील ऑक्सिजनमुळे पृष्ठभागावर अडखळते व पृष्ठभाग चिकट राहतो. त्यासाठी बंद साचा व दाब हवा.

प्रारंभक वाढवला की रबर अधिक चांगले होते, ही समजूत फसवी आहे. जाळे दाट झाल्यास कठीणपणा वाढतो, पण ताणण्याची व फाटण्यास विरोध करण्याची क्षमता घटते. शिवाय जास्त पेरॉक्साइड म्हणजे जास्त अवशेष. बेंझॉइल पेरॉक्साइडपासून बेंझोइक आम्ल उरते. ते आत कोंडले गेल्यास उच्च तापमानाला सिलिकॉन–ऑक्सिजन बंधच तोडू लागते आणि रबर पुन्हा मऊ पडते. म्हणूनच नंतर 200 अंशांच्या आसपास काही तास तापवून हे अवशेष घालवतात. इन्सुलेटरमध्ये येथे पेच निर्माण होतो : ठिणग्यांनी पृष्ठभाग जळू नये म्हणून घातलेले ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड साधारण याच तापमानापासून पाणी सोडू लागते.

प्लॅटिनमचा मार्ग

प्लॅटिनम हा काटेकोर अर्थाने प्रारंभक नव्हे, उत्प्रेरक आहे. तो व्हिनिल गट व सिलिकॉन–हायड्रोजन बंध यांची जोडणी घडवतो. उपपदार्थ निर्माण होत नाहीत, म्हणून वैद्यकीय वस्तूंसाठी तो पसंत केला जातो. पण गंधक, अमाइने व कथिलाची संयुगे त्याला निकामी करतात. लॅटेक्स हातमोज्यांतील गंधकाच्या संयुगांमुळे दंतवैद्यांचे साच्याचे सिलिकोन घट्ट होत नाही, ते याच कारणाने.

जालबंधनाचे मापन

जालबंधनाची घनता पदवी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतही अजमावता येते. वजन केलेला तुकडा टोल्युइनमध्ये ठेवावा : पक्व न झालेला विरघळतो, विरळ जाळ्याचा खूप फुगतो, दाट जाळ्याचा थोडा. फुगलेले वजन घेतल्यावर तुकडा पूर्ण वाळवून पुन्हा वजन करणे आवश्यक आहे. आलेली घट म्हणजे जाळ्यात न अडकलेल्या साखळ्या, आणि केवळ फुगण्याच्या आकड्यात त्या दिसत नाहीत.