फिरता फवारा कां थांबतो?

कल्याणच्या खाडीवरील दुर्गाडीचा पूल ओलांडून भिवंडीचा रस्ता धरला, म्हणजे कोन हें गांव लागतें. ठाणें जिल्ह्याच्या या पट्ट्यांत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. आणि पुढील आठ महिने जमीन जवळजवळ कोरडी राहते. घरापुढें किंवा वसाहतीच्या आवारांत राखलेल्या हिरवळीचें आयुष्य या आठ महिन्यांत फिरत्या फवाऱ्यावर, म्हणजेच ज्याला सर्रास स्प्रिंकलर म्हणतात त्या लहानशा यंत्रावर, अवलंबून असतें. हें यंत्र अडलें कीं तें काढून नवें बसविण्याचा मोह होतो. परंतु दोष फवाऱ्याच्या ठिकाणीं दिसला म्हणून तो फवाऱ्यांतच असतो, असें नाहीं. आणि हा भेद न ओळखल्यास पैसा व पाणी दोन्ही वायां जातात.

टकटक आवाज करीत फिरणारा हा फवारा मूळचा बंगल्याच्या बागेचा नव्हे, फळबागेचा. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया संस्थानांत ग्लेंडोरा येथें ऑर्टन एंगलहार्ट नांवाच्या बागाइतदारानें १९३३ सालीं तो तयार केला आणि १९३५ सालीं त्याचें पेटंट मिळविलें. महाराष्ट्रांतील शेतकऱ्यास तो तुषार सिंचनाच्या रूपानें परिचित आहे, व त्याचें सामान जळगांवसारख्या ठिकाणीं तयारही होतें.

त्याची रचना मोठी सुटसुटीत असते. तोटींतून सुटलेली धार समोरच्या आडव्या दांड्याच्या चमच्यासारख्या टोंकावर आदळते. त्या धक्क्यानें दांडा बाजूस उडतो. लागलीच स्प्रिंग त्याला मागें खेंचते, आणि परत येतांना तो फवाऱ्याच्या अंगावर ठोका देतो. प्रत्येक ठोक्यासरशीं फवारा थोडासा वळतो, आणि असे अनेक ठोके मिळून एक फेरा पुरा होतो. यांत मोटार नाहीं कीं दंतचक्र नाहीं. पाण्याचा दाब हीच त्याची सारी शक्ति होय.

म्हणूनच पहिली परीक्षा दाबाची करावी. मध्यम आकाराच्या अशा फवाऱ्यास दर चौरस सेंटिमीटरला साधारणतः दोन ते साडेतीन किलोग्रॅम दाब लागतो. पाण्याचा दहा मीटर उंचीचा स्तंभ एक किलोग्रॅम दाब देतो. दुमजली घराच्या गच्चीवरील टांकी आठ-नऊ मीटर उंच धरली, तर तिचा दाब एक किलोग्रॅमही भरत नाहीं. तिला जोडलेला फवारा कितीही नवा असला, तरी तो जागच्या जागीं पाणी ओतीत राहणार! अशा ठिकाणीं पंपाची जोड द्यावी, किंवा कमी दाबावर चालणारा लहान फवारा निवडावा. याची ओळख सोपी आहे. एका नळीवरील सर्वच फवारे मंदावले असतील तर दोष पाण्याकडे, कॉकांत किंवा गळक्या नळींत शोधावा. एकच अडला असेल तर त्या फवाऱ्याकडे वळावें. उलट धारेचें धुकें होऊन तें वाऱ्यावर जात असेल, तर दाब जास्त आहे असें समजून कॉक थोडा आवळावा.

दोष त्या एका फवाऱ्यांतच आहे असें ठरलें, म्हणजे पाणी बंद करून तोटी काढावी. पुष्कळदां वाळूचा एखादा कण एवढेंच कारण निघतें. तो काढण्यास सुई किंवा तार घालूं नये. लांकडाची बारीक काडी किंवा मऊ ब्रश पुरे होतो. चार मिलिमीटर व्यासाचें भोंक खरवडून ४.४ मिलिमीटर झालें, तर त्याचें क्षेत्रफळ २१ टक्क्यांनीं वाढतें, आणि जवळपास त्याच मानानें पाण्याचा खर्चही वाढतो. विहिरीच्या जड पाण्यामुळें पांढरा थर धरला असल्यास तोटी थोडा वेळ व्हिनेगरमध्यें भिजवून धुवावी.

नंतर फवारा हातानें फिरवून पाहावा. तो जड फिरत असेल तर तेल घालण्याची इच्छा होते. पण ती आवरावी. तेलाला बारीक वाळू चिकटते व सांधा अधिकच झिजतो. या सांध्याचें वंगण पाणी हेंच आहे. बुडाशीं पाणी झिरपत असेल तर आंतील वायसर झिजले आहेत असें समजावें. जुने वायसर ज्या क्रमानें निघतील त्याच क्रमानें फडक्यावर मांडून ठेवावे, म्हणजे नवे बसवितांना घोटाळा होत नाहीं. ढिली पडलेली स्प्रिंग ताणून पुन्हां वापरण्यापेक्षां बदललेली बरी.

भिंतीच्या किंवा रस्त्याच्या कडेला फवारा पूर्ण वर्तुळांत न फिरवितां अर्ध्यांत फिरवितात. त्यासाठीं बुडाशीं तारेच्या दोन कड्या असतात. त्यांना खटका लागला कीं फवारा उलट वळतो. कड्या सरकविल्या म्हणजे हद्द बदलते. मात्र अर्ध्या वर्तुळांत फिरणारा फवारा त्याच जमिनीवरून दुप्पट वेळां जातो. म्हणून त्याची तोटी पूर्ण वर्तुळाच्या फवाऱ्याच्या निम्में पाणी सोडणारी असावी.

जमिनींत पुरलेले व पाणी सुटतांच वर येणारे फवारे आंतील दंतचक्रांवर चालतात. त्यांची हद्द बहुधा किल्लीनें बदलतां येते. पण आंतील चक्रें बिघडलीं तर बदलण्यावांचून गत्यंतर नसतें. तेव्हां भोंवतालची माती हळूच काढावी, आणि नवा बसविण्यापूर्वी पाणी क्षणभर मोकळें सोडून नळींतील गाळ वाहूं द्यावा. आट्यांवर टेप गुंडाळून फवारा हातानेंच आवळावा, व त्याचें डोकें जमिनीशीं सपाट ठेवावें, म्हणजे गवत कापण्याच्या यंत्राखालीं तें सांपडत नाहीं.

दुरुस्ती साधली कीं नाहीं हें डोळ्यांपेक्षां डबे अधिक खरें सांगतात. सरळ कडांचे सारखे आठ-दहा डबे हिरवळीवर जागोजाग ठेवून पंधरा मिनिटें फवारे चालवावे व प्रत्येकांतील पाणी पट्टीनें मोजावें. एकांत दोन व दुसऱ्यांत आठ मिलिमीटर निघालें, तर वाटणी बिघडलेली आहे. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. तेव्हां शंभर चौरस मीटर हिरवळीस पांच मिलिमीटर पाणी द्यावयाचें तर पांचशें लिटर, म्हणजे दहा लिटरच्या पन्नास कळशा लागतात.

मुंबईला पाणी पुरविणाऱ्या व्यवस्थेंतील पांजरापूरचें शुद्धीकरण केंद्र याच भिवंडी तालुक्यांत आहे. तेथें गाळून, शुद्ध करून पाण्याचा प्रवास सुरू होतो तो घरांतील हंड्यासाठीं. ज्या मुलुखांतून एवढें पाणी बाहेर जातें, तेथेंही उन्हाळ्यांत कळशीची किंमत कोणास सांगावी लागत नाहीं. वांकड्या धारेनें रस्ता भिजविणारा फवारा अशा पन्नास कळशांतील कितीतरी कळशा सहज गिळून टाकतो. आणि तो सरळ करण्यास बहुधा लागतें तें एक लांकडी काडी, एक वायसर आणि पाव तासाचें लक्ष.