अंड्याच्या कवचाचा हिशेब

अंडी देणाऱ्या कोंबडीच्या आहारातील खनिजांकडे अनेक ठिकाणी टॉनिक म्हणून पाहिले जाते. कवच पातळ येऊ लागले, अंडी घटली किंवा कोंबड्या मलूल दिसल्या की खनिजाची पुडी अथवा बाटली आणायची आणि उतार पडला नाही तर मात्रा वाढवायची, अशी ही रीत आहे. तिच्यामुळे पैसा वाया जातोच, शिवाय काही कळपांत धडधाकट पक्षी त्याच मात्रेने आजारी पडतात. कवच बिघडल्याच्या तक्रारी तपासल्या तर खाद्यात कॅल्शियम अजिबात नव्हते असे क्वचितच आढळते. ते चुकीच्या रूपात, चुकीच्या वेळी किंवा चुकीच्या वयात दिले गेलेले असते.

साठ ग्रॅम वजनाच्या अंड्याचे कवच साडेपाच ते सहा ग्रॅम भरते आणि त्याचा सुमारे ९५ टक्के भाग कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे शिंपला आणि चुनखडी ज्याची बनते त्याच पदार्थाचा असतो. एका कवचात त्यामुळे साधारण २.२ ग्रॅम कॅल्शियम जाते. वर्षाला ३०० अंडी देणारी दीड-पावणेदोन किलोची कोंबडी साडेसहाशे ग्रॅमहून अधिक कॅल्शियम शरीराबाहेर टाकते, आणि तिच्या संपूर्ण सांगाड्यात एका वेळी असलेले कॅल्शियम मात्र वीस-बावीस ग्रॅमच्या आसपास असते. खाल्लेल्या कॅल्शियमपैकी साधारण निम्मेच आतड्यातून शोषले जात असल्याने तिला रोज चार ग्रॅमच्या वर कॅल्शियम पोटात जावे लागते; रोजचे खाणे ११० ग्रॅम धरले तर खाद्यातील प्रमाण पावणेचार ते चार टक्के पडते. मका आणि सोयाबीन पेंड यांच्यात कॅल्शियम नगण्य असल्याने शंभर किलो खाद्यात नऊ-दहा किलो चुनखडी किंवा शिंपले मिसळावे लागतात. परसातल्या कोंबडीला मूठभर धान्य टाकून वर खनिजाची चिमूट दिली की भागते, ही समजूत या एका आकड्यापुढे टिकत नाही.

चुन्याच्या निवळीविषयीचा विश्वास तर फार जुना आहे. कळीचा चुना पाण्यात विरवून वरचे स्वच्छ पाणी कोंबड्यांना पाजले की कवच घट्ट होते, असे खेड्यापाड्यांत सांगितले जाते. परंतु विरलेला चुना पाण्यात फारच थोडा विरघळतो. लिटरभर निवळीत जेमतेम पाऊण ते एक ग्रॅम कॅल्शियम उतरते. कोंबडी दिवसाला पाव लिटर पाणी पिते असे धरले तर तिच्या वाट्याला पाव ग्रॅमही येत नाही, आणि निवळी अतिशय क्षारधर्मी असल्याने कोंबडी ती कमी पिते. पाणी कमी प्यायले गेले की खाद्यही कमी खाल्ले जाते. म्हणजे उपायानेच मूळ पुरवठा घटतो. बाजारातील द्रवरूप कॅल्शियमलाही हाच हिशेब लावून पाहावा. बाटलीवर दर दहा मिलिलिटरला २०० मिलिग्रॅम कॅल्शियम असे लिहिलेले असेल, तर लिटरभर औषधात २० ग्रॅम कॅल्शियम झाले. शंभर कोंबड्यांची रोजची गरज ४०० ग्रॅमच्या वर आहे आणि ती सव्वा किलोपेक्षाही कमी चुनखडीत भागते. आजारपणात किंवा उन्हाच्या तडाख्यात थोडा हातभार लागावा म्हणून असे औषध देण्यात गैर नाही, पण त्यावर कवच उभे राहत नाही.

चुनखडीची भुकटी आणि भरड खडे यांत केवळ आकाराचा फरक आहे, हा समज अधिक नुकसान करतो, कारण तो जाणत्या पशुपालकांतही आढळतो. अंडे तयार होण्यास सरासरी चोवीस ते सव्वीस तास लागतात आणि त्यांतील अठरा-वीस तास अंडे कवचग्रंथीत, म्हणजे अंडनलिकेच्या ज्या भागात कवच चढते तेथे असते. कोंबडी बहुधा सकाळी अंडे देते, त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासात पुढचा बलक सुटतो आणि दुपारनंतर तो कवचग्रंथीत पोहोचतो. साहजिकच कवचाचा मोठा भाग रात्री, खुराड्यात अंधार असताना आणि कोंबडी काहीच खात नसताना चढतो. पिठासारखी भुकटी संध्याकाळपर्यंत आतड्यातून पुढे निघून गेलेली असते. दोन ते चार मिलिमीटरचा खडा मात्र पाथरीत, म्हणजे दाणे दळणाऱ्या जाड स्नायूंच्या पिशवीत अडकून राहतो आणि आम्लात हळूहळू विरघळत रात्रभर रक्ताला कॅल्शियम पुरवतो. या पुरवठ्यात जी तूट पडते ती कोंबडीची हाडे भरून काढतात. पहिले अंडे येण्याच्या साधारण दोन आठवडे आधीपासून मादीच्या लांब हाडांच्या पोकळीत सुईसारख्या नाजूक काड्यांचे एक खास जाळे तयार होते, त्याला मज्जास्थी म्हणतात; रात्री त्यातून कॅल्शियम उचलले जाते आणि दिवसा ते परत भरले जाते. रोजची भर अपुरी पडली तर मूळ हाडालाच ओहोटी लागते. पिंजऱ्यातील काही कोंबड्या अंडी देता देता अचानक पाय टाकून बसतात आणि उचलल्या तर त्यांची हाडे हातात मोडतात, त्यामागे बहुधा हेच कारण असते. म्हणून अंड्यांवरील कोंबड्यांना चुनखडीचा निम्म्याहून अधिक, उतारवयात तर दोनतृतीयांश भाग भरड असावा आणि शक्य असेल तेथे शिंपल्यांचा चुरा दुपारनंतर वेगळ्या भांड्यात ठेवावा. कॅल्शियमची भूक कोंबडीला स्वतंत्रपणे जाणवते व ती दिवस मावळताना वाढते, त्यामुळे असा चुरा ती आपल्या गरजेनुसार टिपते.

येथे खड्याची जातही पाहावी लागते. फरशी-कारखान्यातील संगमरवराचा चुरा स्वस्त म्हणून वापरला जातो, पण काही संगमरवरात मॅग्नेशियमचे प्रमाण मोठे असते. अशा दगडाला डोलोमाइटी म्हणतात आणि तो खाद्यात गेला की विष्ठा पातळ होते व कवच आणखी बिघडते. सौम्य, थंड हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकताच शुद्ध चुनखडी फसफसते, डोलोमाइटचा खडा मात्र जवळपास शांत राहतो. त्याचप्रमाणे नदीतील वाळू किंवा गारगोटीचे खडे पाथरीत दाणे दळण्यास मदत करतात, परंतु ते विरघळत नसल्याने त्यांतून कॅल्शियम मिळत नाही.

सर्वांत घातक गैरसमज वयाविषयीचा आहे. तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या वाढत्या माद्या, लवकर अंड्यावर याव्यात म्हणून त्यांना दोन-अडीच महिन्यांच्या वयापासूनच अंड्यांवरील कोंबड्यांचे खाद्य दिले जाते. बऱ्याचदा घरात एकच पोते असते आणि लहानमोठे सगळे पक्षी त्यावरच पोसले जातात. वाढत्या तलंगेला खाद्यात साधारण एक टक्का कॅल्शियम पुरते. तिच्या शरीरात कवच बनत नसल्याने चौपट आलेले कॅल्शियम मूत्रपिंडांना बाहेर टाकावे लागते आणि त्यांवर असह्य ताण येतो. मूत्रनलिकांत खडे होतात, युरिक आम्ल हृदयावर व यकृतावर पांढऱ्या भुकटीसारखे साचते आणि पक्षी मरतात, काही तर अंड्यावर आल्यानंतर काही महिन्यांनी. शवविच्छेदनात खडू भुरभुरल्यासारखे दिसणारे ते अवयव एकदा पाहिले की कॅल्शियम जास्त झाले तरी अपाय नाही, असे कोणी म्हणणार नाही. पहिल्या अंड्याच्या आधीचे दोन आठवडे मज्जास्थी भरण्यासाठी दोन-अडीच टक्के आणि अंडी सुरू होताच पूर्ण प्रमाण, हा क्रम पाळणे आवश्यक आहे. अंड्यांची संख्या वाढवण्याचा मार्गही यात नाही. ती जात, प्रकाशाचे तास, ऊर्जा व प्रथिने यांवर ठरते. खनिज कमी पडले तर संख्या घटते, पण गरजेहून जास्त दिल्याने ती वाढत नाही. उलट अति कॅल्शियमने खाद्य बेचव होऊन खाणे कमी होते.

फॉस्फरसबाबत घोळ वेगळ्या प्रकारचा आहे. धान्यातील व पेंडीतील फॉस्फरसचा सुमारे दोनतृतीयांश भाग फायटेट नावाच्या संयुगात बांधलेला असतो आणि तो कोंबडीला जवळजवळ पचत नाही, त्यामुळे डीसीपी म्हणजे डायकॅल्शियम फॉस्फेट घालावे लागते किंवा फायटेट फोडणारे फायटेज हे विकर वापरावे लागते. पण फॉस्फरस हाडाला लागतो म्हणून कवचालाही लागतो असे समजून डीसीपी वाढवले, तर रक्तातील वाढलेला फॉस्फरस हाडातून कॅल्शियम सुटण्यास अडथळा करतो आणि कवच पातळ होते. अंड्यांवरील कोंबडीला पचणाऱ्या फॉस्फरसच्या सुमारे दहापट कॅल्शियम हवे असते. जनावरांच्या खनिज मिश्रणात हे प्रमाण दुपटीच्या आसपास असते, म्हणून गाई-म्हशींचे मिश्रण कोंबड्यांना देणे अयोग्य आहे.

जस्त, मँगनीज, तांबे, आयोडीन, सेलेनियम ही सूक्ष्म खनिजे अल्प लागतात, पण त्यांच्याशिवाय कवच नीट रचले जात नाही: जस्त हे कार्बोनेट तयार करणाऱ्या विकराचा भाग आहे, तर मँगनीज आणि तांबे कवचाखालच्या पापुद्र्याची बांधणी करतात. टनभर खाद्यात सेलेनियम साधारण ०.३ ग्रॅम लागते. एवढीशी मात्रा फावड्याने सारखी मिसळणे अशक्य आहे आणि एका कोपऱ्यात ती साचली तर विषारी ठरते. त्यामुळे ही खनिजे सुटी न आणता तयार प्रीमिक्समधूनच द्यावीत.

पातळ कवच म्हणजे खनिजांची कमतरता, हे समीकरणही नेहमी खरे नसते. कोंबडीला घाम येत नाही. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ती धापा टाकते, श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड भराभर बाहेर जातो आणि रक्तात कार्बोनेटसाठी लागणारा कच्चा माल कमी पडतो. शिवाय ११० ग्रॅम खाणारी कोंबडी ९० ग्रॅमवर आली की पोत्यावरचा टक्का तोच राहूनही कॅल्शियमचे ग्रॅम घटतात. सावली, थंड पाणी, पहाटे व संध्याकाळी खाद्य आणि तज्ज्ञाच्या सल्ल्याने खाण्याचा सोडा, हे येथे अधिक उपयोगी पडते. धडधाकट दिसणाऱ्या कळपात अचानक बिनकवची अंडी येऊ लागली तर संसर्गजन्य ब्रॉन्कायटिस किंवा १९७६ साली नेदरलँड्समध्ये प्रथम वर्णन झालेला एग ड्रॉप सिंड्रोम या विषाणुजन्य आजारांचा संशय घ्यावा व पशुवैद्याला दाखवावे. पिंजऱ्यातील पक्ष्यांना सूर्यप्रकाश मिळत नसल्यास डी३ जीवनसत्त्वाअभावी खाल्लेले कॅल्शियम नीट शोषले जात नाही. वय वाढलेल्या कोंबडीचे अंडे मोठे होते, पण कवचाचे वजन त्या प्रमाणात वाढत नाही, म्हणून तेवढेच कवच अधिक पृष्ठभागावर पसरून पातळ पडते.

खाणाऱ्यांच्या मनातही एक गैरसमज असतो: कोंबडीला भरपूर कॅल्शियम दिले की अंडे कॅल्शियमयुक्त होते. आहारातील आयोडीन व सेलेनियम अंड्याच्या आतल्या भागात उतरतात हे खरे, परंतु कॅल्शियमचे तसे होत नाही. एका अंड्याच्या खाण्याजोग्या भागात ते २५ ते ३० मिलिग्रॅमच असते. शंभर ग्रॅम नाचणीत तीनशे मिलिग्रॅमहून अधिक मिळते. अंड्यातील कॅल्शियमचा जवळजवळ सगळा साठा स्वयंपाकघरात फेकल्या जाणाऱ्या कवचात राहतो. घरच्या कोंबड्यांची ही कवचे धुऊन, तव्यावर चांगली भाजून आणि अंड्याचा आकार ओळखू येणार नाही अशी भरड कुटून परत त्यांनाच द्यावीत. त्याने कोंबडीला अंडी फोडून खाण्याची सवय लागत नाही.