विश्लेषण : ऑनलाइन लिलावातील जुनी गाडी स्वस्त की महाग? बोली लावण्यापूर्वी काय तपासावे?

‘बँकेने जप्त केलेली गाडी निम्म्या किमतीत’ अशा जाहिराती मोबाइलवर सर्रास दिसतात. बोलीही मोबाइलवरूनच लावता येते. मात्र लिलावातील गाडी आणि डीलरकडची किंवा ओळखीतली जुनी गाडी यांत मोठा फरक आहे. लिलावात गाडी घेतल्यानंतर दोष निघाला, तर त्याची जबाबदारी जवळपास पूर्णपणे खरेदीदारावर येते.

लिलावात गाड्या येतात कुठून?

प्रामुख्याने तीन ठिकाणांहून. हप्ते थकल्यामुळे बँका आणि वित्त कंपन्यांनी ताब्यात घेतलेल्या गाड्या, अपघात किंवा पुरानंतर विमा कंपन्यांनी ‘टोटल लॉस’ ठरवलेल्या गाड्या आणि सरकारी खात्यांनी वापरातून काढलेल्या गाड्या. सरकारी गाड्यांचे लिलाव ‘एमएसटीसी’सारख्या सरकारी कंपनीच्या पोर्टलवर होतात. गाडी यांपैकी कोणत्या गटातली आहे, यावर तिची जोखीम ठरते.

‘जशी आहे, जिथे आहे’ म्हणजे काय?

बहुतेक लिलावांच्या अटींमध्ये हे शब्द असतात. याचा अर्थ, गाडीच्या स्थितीची कोणतीही हमी विक्रेता देत नाही. इंजिन बंद असो वा सुटे भाग गायब असोत, नंतर तक्रार ऐकली जात नाही. यार्डात गाडी पाहता येते, पण चालवून पाहण्याची मुभा सहसा नसते. बोली जिंकून पैसे भरले नाहीत, तर अनामत रक्कम जप्त होते.

ग्राहक आयोगाचा मार्गही सोपा नाही. चंडीगडमधील भूखंडांच्या जाहीर लिलावाबाबत सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये, असा खरेदीदार कायद्याच्या व्याख्येत ‘ग्राहक’ ठरत नाही, असे म्हटले होते. गाडीच्या वादात विक्रेता हाच मुद्दा पुढे करू शकतो.

‘टोटल लॉस’चे गणित काय?

दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा मूल्याच्या, म्हणजे आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांहून अधिक होत असेल, तर गाडी ‘टोटल लॉस’ धरली जाते. समजा, आयडीव्ही ६ लाख रुपये आहे. म्हणजे दुरुस्तीचा अंदाज साडेचार लाखांच्या पुढे गेला होता. ही गाडी लिलावात अडीच लाखांना मिळाली आणि रीतसर दुरुस्त केली, तर खर्च ७ लाखांवर जातो. तो कमी करायचा तर जुने सुटे भाग वापरले जातात किंवा उघडलेल्या एअरबॅग तशाच सोडल्या जातात. पुढच्या अपघातात त्याची किंमत जिवावर बेतू शकते.

अशा गाड्यांचे आरसी आणि चेसिस क्रमांक चोरीच्या गाड्यांना लावणाऱ्या टोळ्याही पोलिसांनी पकडल्या आहेत. अशी गाडी पोलिसांनी जप्त केली की पैसे आणि गाडी दोन्ही जातात.

पुरातील गाडी कशी ओळखावी?

मुंबईतील २६ जुलै २००५ चा महापूर, २०१५ मधील चेन्नईचा पूर, २०१९ मधील सांगली-कोल्हापूरचा पूर अशा घटनांत असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. धुऊन-पुसून त्या चकचकीत दिसतात, पण वायरिंग आणि ईसीयूमधील गंज काही महिन्यांनी डोके वर काढतो. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून गाळाची रेघ आहे का, ते पाहावे. सीटखालचे बोल्ट, कार्पेटखालचा पत्रा आणि सुट्या चाकाची जागा तपासावी.

कागदपत्रांत कुठे अडते?

जप्त गाडीचा मूळ मालक अनेकदा आरसी देत नाही. अशा वेळी मोटार वाहन कायद्याच्या कलम ५१ नुसार वित्त कंपनी ‘फॉर्म ३६’ भरून स्वतःच्या नावे नवी आरसी मागू शकते. ती प्रक्रिया झाली आहे का, हे आधी विचारावे. बोजा उतरवण्यासाठी ‘फॉर्म ३५’ आणि बँकेची एनओसी लागते. सरकारी लिलावातील गाडीसाठी ताबा मिळाल्यापासून ३० दिवसांत ‘फॉर्म ३२’ भरून अर्ज करावा लागतो.

गाडी परराज्यातील असेल, तर तेथील आरटीओची एनओसी आणि महाराष्ट्रातील रोड टॅक्स हा खर्च वेगळा. थकीत ई-चलनही नाव बदलताना आडवे येते. विमा पॉलिसी स्वतःच्या नावावर करून घेतली नाही, तर गाडीच्या नुकसानीचा दावा फेटाळला जाऊ शकतो.

बोली लावण्यापूर्वी एवढे कराच

- ‘एम-परिवहन’ अॅपवर मालकाचे नाव, बोजा, विमा आणि फिटनेसची मुदत पाहा.
- आरसीवरील चेसिस आणि इंजिन क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी स्वतः जुळवा.
- ओळखीचा मेकॅनिक आणि ओबीडी स्कॅनर यार्डात घेऊन जा.
- जीएसटी, लिलाव शुल्क, यार्डभाडे, टोइंग आणि दुरुस्ती धरून कमाल बोली आधीच ठरवा.
- अनामत रक्कम वैयक्तिक यूपीआय क्रमांकावर भरू नका. लिलावाची नोटीस बँकेच्या अधिकृत संकेतस्थळावर किंवा शाखेत पडताळा.
- फसवणूक झाल्यास तातडीने १९३० या हेल्पलाइनवर तक्रार करा.

यार्डात गाडी पाहू देण्यास नकार मिळाला, तर किंमत कितीही कमी असली तरी त्या गाडीवर बोली न लावणेच योग्य.