फुकट पुस्तक, पण रीतसर

पुस्तकांच्या किमती वाढल्या म्हणून कष्टकऱ्यांच्या घरातील वाचन थांबता कामा नये. ई-रीडर हे पाटीसारखे यंत्र. त्यात शेकडो पुस्तके मावतात. ते परवडत नसेल, तर घरातला मोबाइलही चालतो.

पण पुस्तके आणावीत कोठून? आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे मोजायची. ती सरली, की त्याने हयातीत प्रसिद्ध केलेले लेखन सर्वांसाठी खुले होते. महात्मा फुले (निधन १८९०) आणि साने गुरुजी (निधन १९५०) यांचे असे लेखन केव्हाच खुले झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे १ जानेवारी २०१७ पासून खुले आहे. मात्र भाषांतराचा हक्क वेगळा असतो, हे ध्यानात ठेवावे.

बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे इंग्रजी खंड परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य आहेत. मराठी पुस्तकांसाठी 'विकिस्रोत' आणि 'ई-साहित्य प्रतिष्ठान' पाहावे.

उतरवून घेताना पुस्तकाचा प्रकार पाहावा. पीडीएफमध्ये छापील पान जसेच्या तसे येते. लहान पडद्यावर अक्षर बारीक दिसते. ईपबमध्ये अक्षर हवे तेवढे मोठे करता येते. चष्मा लागलेल्या आजीलाही ते वाचता येईल.

आजच्या लेखकांची चोरून फिरवलेली प्रत मात्र घेऊ नये. घामाचे मोल आपल्याला ठाऊक आहे. लिहिणाऱ्याचा घामही घामच असतो. ते पुस्तक विकत घ्यावे किंवा वाचनालयातून आणावे.

मुलांना रोज दहा पाने वाचायला लावा, आणि आपणही शेजारी बसून ऐका.