भंडारदऱ्याची सायकल-प्रदक्षिणा : वारा, धुके आणि उताराचे गणित
विशेष प्रतिनिधी

पावसाळ्याची चाहूल लागली की नाशिक, मुंबई आणि पुण्याच्या सायकलस्वारांना सह्याद्रीतील जलाशयांचे वेध लागतात. मुळशी, पवना आणि पानशेत ही पुणेकरांची नेहमीची ठिकाणे; मात्र जलाशयाला खऱ्या अर्थाने पूर्ण फेरी घालायची असेल, तर अकोले तालुक्यातील भंडारदऱ्यासारखा रस्ता दुसरा नाही. धरणाजवळच्या शेंडी गावातून निघावे, पाणी सतत एका बाजूला ठेवून उडदावणे, घाटघर फाटा, साम्रद, रतनवाडी, मुतखेल असे करीत पुन्हा शेंडीला यावे. हे अंतर सुमारे ४५ किलोमीटर भरते. आकडा ऐकून पट्टीचा सायकलस्वार दुर्लक्ष करील. शहरातल्या सपाट रस्त्यावर हे अंतर दोन तासांचे असते, इथे मात्र निम्मा दिवस हाताशी ठेवलेला बरा.

प्रवरा नदीवरील या धरणाचे काम १९१० मध्ये सुरू झाले आणि १९२६ मध्ये पूर्ण झाले. मुंबई इलाख्याचे तत्कालीन गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या नावाने ते विल्सन डॅम म्हणून ओळखले गेले, तर जलाशयाला आर्थर लेक हे नाव पडले. दगडी बांधकामाच्या या भिंतीची उंची सुमारे ८२ मीटर असून साठवण क्षमता सुमारे ११ अब्ज घनफूट आहे. खाली अकोले, संगमनेर, राहाता, श्रीरामपूरकडची शेती या पाण्यावर उभी आहे. सायकलस्वाराच्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की डोंगरांच्या सोंडा थेट पाण्यात उतरलेल्या असल्यामुळे काठाचा रस्ता सरळ राहूच शकत नाही. प्रत्येक सोंडेवर चढायचे आणि तिच्या पलीकडच्या ओढ्यात उतरायचे, असा हा सारा खेळ आहे. एकही चढ प्रचंड लांब नाही, पण विसावाही नाही.

प्रदक्षिणा कोणत्या दिशेने घालावी, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. तो तसा नाही. शेंडीहून आधी उत्तर काठाने पश्चिमेकडे, म्हणजे उडदावण्याच्या बाजूने निघाल्यास पाणी डाव्या हाताला राहते. आपल्याकडे डावीकडून वाहन चालवायचे असल्याने जलाशय आपल्याच बाजूला असतो आणि थांबून पाहण्यासाठी रस्ता ओलांडावा लागत नाही. वाऱ्याचाही विचार करावा. जून ते सप्टेंबर या काळात वारा नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो व घाटमाथ्यावर तो अक्षरशः अंगावर येतो. या दिशेने गेल्यास ताज्या पायांनी वाऱ्याला तोंड देता येते आणि रतनवाडीनंतर दमलेल्या पायांना तोच वारा पाठीमागून मदत करतो.  या पसंतीला एक किंमतही आहे. रस्त्याची पाण्याकडील कड डाव्या हाताला येते आणि मुसळधार पावसात हीच कड आधी खचते. त्यामुळे डांबराच्या अगदी काठावरून न जाता हातभर आत राहावे. मागच्या मोटारीने भोंगा वाजवला तरी हरकत नाही.

चढाचा हिशेब कागदावर मांडला की गिअरची निवड सोपी होते. सायकलस्वार आणि सायकल मिळून ८७ किलो वजन धरले आणि चढ आठ टक्क्यांचा, म्हणजे शंभर मीटरमागे आठ मीटर उंची देणारा असेल, तर पायांतून सतत १५० वॅट शक्ती लावूनही वेग ताशी सात ते साडेसात किलोमीटरच्या पुढे जात नाही. पुढे ३४ दात्यांचे आणि मागे २५ दात्यांचे चक्र असल्यास या वेगाला पायडल मिनिटाला जेमतेम ४३ वेळा फिरते आणि सारा ताण गुडघ्यांवर येतो. मागचे चक्र ३२ दात्यांचे असेल तर तेच फेरे पंचावन्नाच्या घरात जातात. शर्यतीसाठी घेतलेली दाट गिअरची सायकल इथे मिरवण्यापुरतीच उपयोगी. साधी, रुंद टायरची, हलक्या गिअरची सायकल या रस्त्यावर अनेकदा पुढे निघून जाते.

चढ दमवतो, पण घात करतो तो उतार. पावसाळ्यात इथे धुके उतरते तेव्हा पंधरा-वीस मीटरपलीकडचे दिसत नाही. ताशी ३० किलोमीटर वेगाने उतरणाऱ्याला अडथळा दिसून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद गेला, तर तेवढ्यात सायकल आठ मीटर पुढे गेलेली असते. ओल्या डांबरावर पूर्ण थांबायला आणखी नऊ मीटर लागतात. एकूण सतरा मीटर, आणि दिसते पंधरा! हाच वेग वीसवर आणला तर दहा मीटरच्या आत थांबता येते. रिमवर घासणारे ब्रेक असतील तर पावसात पहिली काही चाकफेरी पाणी पुसण्यातच जाते. तेव्हा उतार सुरू होण्यापूर्वीच ब्रेक हलके दाबून रिम कोरडी करून घ्यावी. समोरून येणारे संकट मोटारच असेल असे नाही. भातलावणीच्या दिवसांत शेतातून आलेली यंत्रे रस्त्यावर चिखलाचे पट्टे सोडतात, आणि वळणावर म्हशी निवांत उभ्या असतात. रस्ता त्यांचाही आहे.

उत्तर काठाचा रस्ता जिथे घाटघरकडे फुटतो, तिथे थोडी वाकडी वाट करून कोकणकडा पाहून यावे. नगर जिल्ह्याचे चेरापुंजी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गावात वर्षाला सुमारे पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. (जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले, पण ही उपाधी जुन्याच नावाने चालते.) येथील २५० मेगावॅटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प २००८ मध्ये सुरू झाला. विजेची मागणी कमी असताना कड्याखालचे पाणी वर चढवायचे आणि मागणी वाढली की तेच खाली सोडून वीज करायची, असे त्याचे काम. चढ चढून आलेल्या सायकलस्वाराला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही.

साम्रद ते रतनवाडी हा टप्पा सर्वांत निर्जन आणि सर्वांत सुंदर. साम्रदला सांदण दरीमुळे सुट्टीच्या दिवशी गर्दी असते, पण गाव मागे पडले की जंगलाची सोबत सुरू होते. रस्त्याची अवस्था दर पावसाळ्यानंतर बदलत असल्याने शेंडीत आदल्या दिवशी चौकशी करूनच निघावे. या पट्ट्यात मोबाईलची रेंज अनेक ठिकाणी जाते. पंक्चरचे साहित्य, दोन ट्यूब, पंप आणि साखळी जोडण्याचे अवजार ज्याच्याजवळ नाही, त्याने एकट्याने इथे शिरू नये. काही बरेवाईट घडलेच तर मोठ्या उपचारासाठी घोटी, अकोले किंवा थेट नाशिक गाठावे लागते, हे निघण्यापूर्वीच ध्यानात घ्यावे. रतनवाडीचे अमृतेश्वराचे प्राचीन दगडी मंदिर आणि त्याजवळची पुष्करणी पाहायला अर्धा तास ठेवावा. रतनगडाच्या पायथ्याच्या या गावात पिठलं-भाकरी सांगितली तर मिळते, पण तासभर आधी सांगावी लागते. चूल पेटायला वेळ लागतो.

हा सारा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो. तपासणी नाक्यावर प्रवेश शुल्काची पावती घ्यावी आणि ती जपून ठेवावी. मेअखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत काजव्यांचा मोसम असतो. त्या काळात शनिवार-रविवारच्या संध्याकाळी मोटारींच्या रांगा लागतात आणि रात्रीच्या प्रवेशावर वनखात्याचे निर्बंध असतात. काजवे परस्परांना शोधतात ते प्रकाशाच्या खुणेने. प्रखर दिव्यांत ती खूण हरवते. दिवा लावल्याशिवाय रात्री सायकल चालवता येत नाही आणि चालवूही नये, तेव्हा त्या दिवसांत फेरी पहाटे सुरू करून दुपारपूर्वी संपवावी, हेच उभयपक्षी सोयीचे. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी ऑक्टोबर ते जानेवारी हा काळ निवडावा. पाणी काठोकाठ असते, डांबर कोरडे असते आणि कळसूबाईचे १६४६ मीटर उंचीचे शिखर स्वच्छ दिसते. एप्रिल-मेमध्ये पाणी दूर सरते व दुपारचे ऊन रस्त्यावरून परत अंगावर येते.

नाशिकहून घोटी-बारीमार्गे शेंडी सुमारे ७० किलोमीटर आहे. ज्या शहरातील डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही स्पर्धा पूर्ण केली, तिथल्या सायकलस्वारांना हे अंतर नवीन नाही. तरीही जाणे, प्रदक्षिणा आणि परतणे एकाच दिवशी उरकण्याचा अट्टहास नवख्यांनी टाळावा व शेंडीत मुक्काम करावा. मुंबईकरांना लोकलने कसाऱ्यापर्यंत येऊन घाट चढता येतो, पण त्या महामार्गावर मालमोटारींची वर्दळ मोठी असते. रेल्वेने इगतपुरीला उतरणे अधिक शहाणपणाचे. जून २०२५ मध्ये पूर्ण खुल्या झालेल्या समृद्धी महामार्गावर सायकलला मज्जाव आहे, तेव्हा त्या वाटेचा विचारच नको. पुण्याकडून येणाऱ्यांनी संगमनेर, अकोले, राजूर असा मार्ग धरावा. राजूरहून शेंडीकडे येताना रंधा धबधबा वाटेतच लागतो; तिथल्या कठड्यापलीकडे सायकल घेऊन छायाचित्र काढण्याचा मोह मात्र आवरावा, कारण खडक शेवाळलेला असतो आणि धरणातून विसर्ग सुरू असताना प्रवरेचे पाणी फार जोरात असते.