पेठेचा संघ, मालकाचा संघ

पुण्यात 2007 ते 2019 या बारा वर्षांत व्यावसायिक फुटबॉल क्लब जन्माला आले आणि संपलेही. पुणे एफसी 2012-13च्या आय-लीगमध्ये दुसरा आला होता. 2015 मध्ये त्याचा गाशा गुंडाळला गेला. इंडियन सुपर लीगमधला एफसी पुणे सिटी 2014 मध्ये उभा राहिला, 2017-18 मध्ये उपांत्य फेरीपर्यंत गेला आणि पैशाची अडचण येताच 2019 मध्ये त्याची जागा हैदराबादच्या संघाने घेतली. बास्केटबॉलमध्येही तेच. यूबीए लीगमधले पुणे पेशवाज आणि मुंबई चॅलेंजर्स 2015 ते 2017 एवढ्यापुरतेच दिसले. दर वेळी मूठभर निष्ठावंत समर्थक हळहळले, बाकी शहराला फारसा फरक पडला नाही. कोल्हापुरात मात्र पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ हे संघ पिढ्यान् पिढ्या शाहू स्टेडियमवर उतरत आहेत. यांपैकी एकाच्याही मागे उद्योगसमूह नाही. क्लब पैशावर उभा राहतो हे खरे, पण तो टिकतो तो मालकाखेरीज आणखी कोणाला तो आपला वाटतो यावर, असे माझे म्हणणे आहे. कोल्हापूर हा त्याचा आपल्याकडचा सर्वांत बळकट पुरावा.

तालीम मुळात फुटबॉलसाठी नव्हतीच. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, 1912 मध्ये खासबागचे मैदान झाले आणि पेठापेठांतल्या तालमींना तेज चढले. फुटबॉल या तालमींत आला तो संस्थानी काळातच. पुढे महाराज गेले, 1949 मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, म्हणजे आश्रयदाताच उरला नाही. फ्रँचायझीच्या हिशेबाने सगळे तिथेच आटोपायला हवे होते. तसे झाले नाही, कारण तालमीचे काम फक्त खेळाडू घडवण्याचे नव्हते. गणपती तालमीचा, शिवजयंती तालमीची, गल्लीतल्या भांडणाचा निवाडा तालमीच्या कट्ट्यावर. पैलवानाला रोजच्या खुराकासाठी पोशिंदा लागतो. फुटबॉल संघाला अकरा पोरे, दोन जोड जर्सी आणि वर्गणी पुरते. राजाश्रय आटल्यावर कुस्तीला जेवढी झळ बसली तेवढी फुटबॉलला बसली नाही, याचे एक कारण मला या हिशेबात दिसते.

ही वर्गणी नीट पाहण्यासारखी आहे. हंगामाच्या तोंडावर कार्यकर्ते पावतीपुस्तक घेऊन गल्लीत फिरतात. वाणी, सराफ, चहावाला, नोकरदार, ज्याला जेवढे झेपेल तेवढे देतो. कोणी रोख देण्याऐवजी बूट घेऊन देतो, कोणी खेळाडूंच्या नाश्त्याची जबाबदारी उचलतो. यातला एकही जण भागधारक नाही, पण सामना हरल्यावर दुसऱ्या दिवशी गोलरक्षकाला रस्त्यात अडवून जाब विचारण्याचा हक्क प्रत्येकालाच आहे. पुण्याच्या क्लबांना हा जाच नव्हता, आणि आधारही नव्हता.

हा केवळ आपल्याकडचा प्रकार समजू नये. ब्रिटनमधले व्यावसायिक बास्केटबॉल हेच सांगते. आजचा लंडन लायन्स हा संघ 1977 मध्ये सुरू झाला, आधी वॉटफर्ड आणि हेमेल हेम्पस्टेड, मग 1998 मध्ये मिल्टन कीन्स, 2012 मध्ये लंडन. गाव बदलले की प्रेक्षक मागे राहिले. पुढे 777 पार्टनर्स या अमेरिकी गुंतवणूक कंपनीने त्यात पैसा ओतला. एप्रिल 2024 मध्ये लायन्सच्या महिलांनी युरोकप जिंकला. युरोपातले असे विजेतेपद तोवर एकाही ब्रिटिश बास्केटबॉल संघाला मिळालेले नव्हते. त्याच उन्हाळ्यात कंपनी डबघाईला आली आणि युरोप जिंकलेला तो महिला संघ लीगमधून बाहेर पडला. कंपनीचा पैसा ज्या ब्रिटिश बास्केटबॉल लीगमध्ये होता, तिचा परवानाही रद्द झाला. याउलट 1967 मध्ये लफबरोला सुरू झालेला लेस्टर रायडर्स जवळच्याच लेस्टर शहरात रुजला आणि 2016 पासून आपल्याच अरीनात खेळतो आहे. तोच आज ब्रिटनमधला सर्वांत जुना व्यावसायिक बास्केटबॉल क्लब आहे. युरोपचा चषक त्याच्या कपाटात नाही, एवढेच.

यावर कोणी म्हणेल, इंग्लंडच्या फुटबॉल क्लबांना तर बड्या मालकांशिवाय पान हलत नाही. खरे आहे. पण ब्लॅकबर्न रोव्हर्सचे उदाहरण घ्या, तेही पुण्याच्याच मालकांचे. 1875 चा हा क्लब, 1994-95चा प्रीमियर लीग विजेता, नोव्हेंबर 2010 मध्ये कुक्कुटपालन उद्योगातल्या वेंकीजने विकत घेतला. 2012 मध्ये तो प्रीमियर लीगमधून खाली घसरला, 2017 मध्ये थेट तिसऱ्या श्रेणीत. संतापलेल्या समर्थकांनी एकदा मैदानात कोंबडी सोडली. तरीही क्लब ब्लॅकबर्नमध्येच राहिला आणि 2018 मध्ये दुसऱ्या श्रेणीत परतला. मालक चुकला तरी क्लब उचलून दुसऱ्या शहरात नेता आला नाही, कारण कोंबडी सोडणारे लोक तिथेच राहत होते.

अधिक जड आक्षेप आहे तो खेळाडूंच्या बाजूचा. पेठेच्या प्रेमाने पोट भरत नाही. सतरा वर्षांखालील विश्वचषकात 2017 मध्ये भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचा, पण तो घडला पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत आणि पुणे एफसीच्या अकादमीत. 2019 मध्ये तो सरावासाठी ब्लॅकबर्नलाही जाऊन आला. मोहन बागानपर्यंत पोचलेल्या निखिल कदमलाही गाव सोडावेच लागले. हा आक्षेप मी मान्य करतो, अर्धाच. तालमींकडे वयोगटांचे नीट बांधलेले प्रशिक्षण नाही, मोठ्या सामन्यांचा सगळा भार एका शाहू स्टेडियमवर. पण ज्या अकादमीने अनिकेतला घडवले तिचे काय झाले? क्लब बंद पडल्यावर ती दुसऱ्या क्लबच्या हाती गेली आणि तो क्लबही बुडाला. मुलगा घडवायला दहा वर्षे लागतात. तेवढा काळ टिकेल अशी संस्था कोल्हापुरात आहे, तिला प्रशिक्षक हवेत.

राडा झाकून चालणार नाही. पेठांची ईर्षा गॅलरीतून रस्त्यावर येते, दगड पडतात, पोलिसांच्या बंदोबस्तात सामने उरकावे लागतात. आपलेपणाची ही किंमत आहे असे म्हणून सोडून देणे मला पटत नाही. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनने, म्हणजे केएसएने, समर्थकांच्या वागणुकीसाठी तालमीलाच जबाबदार धरावे, अगदी गुण कापावेत. पेठेत कोण काय करते हे तालमीइतके पोलिसांनाही ठाऊक नसते. दुसरी काळजी पैशाचीच. नेत्यांच्या नावांचे चषक वाढले, बक्षिसे फुगली, आफ्रिकेतून खेळाडू येऊ लागले. दोन-चार परदेशी पाय संघात आल्याने खेळ सुधारतो, यात वाद नाही. पण आघाडीच्या जागा सगळ्याच बाहेरच्यांनी भरल्या तर वर्गणी देणाऱ्याने कोणाच्या पोराला जाब विचारायचा?

पण माझ्या युक्तिवादाला खरी खीळ घालणारी गोष्ट वेगळीच आहे. कोल्हापूरच्या मुली 2019 मध्ये लुधियानाला इंडियन वुमेन्स लीग खेळल्या, त्या एफसी कोल्हापूर सिटी या नावाने. कोणत्याही जुन्या तालमीच्या जर्सीत नव्हे. गावातल्या सर्वांत जुन्या, सर्वांत रुजलेल्या संस्थांनी जे केले नाही ते एका नव्या क्लबने केले. तालीम हा पुरुषांचा कट्टा, ही सबब आखाड्यापुरती कदाचित चालली असती. फुटबॉलला ती लागू नाही. वर्गणीची पावती घराच्या नावाने फाटते, आणि त्या घरात मुलीही राहतात. पाटाकडील विरुद्ध शिवाजी असा महिलांचा सामना केएसएच्या वेळापत्रकात लागायला कोणत्याही मालकाची परवानगी लागत नाही, दोन तालमींच्या बैठका पुरतात.